जॅकवर फिरवून बघितलेली चाकं

टायरच्या कडेला जे आकडे असतात ते वाचायला मला यांनी शिकवलं. शाळा माझी पाचवीत सुटली, गडबला, माहेरी, घरात धाकटी भावंडं आणि आई-बाप दोघं धरमतरच्या अंगाला मिठागरात, मंग कोण जाणार शाळेत, आणि तेवढ्या शिकण्यावरच लग्न होऊन मी खांब गावाला आले. हायवेला लागून पुढं पत्र्याची शेड, त्यात पंक्चरचं दुकान, मागं दोन खोल्या, तेवढं आमचं घर. मागच्या खोलीत सासू चुलीवर तांदळाची भाकरी थापायची ती थापटी आणि पुढं टायरवर हातोडा पडायचा तो आवाज, दोन्ही एकदमच चालायचे, आणि मधी कॉम्प्रेसर, तो सुरू झाला की फडताळातली भांडी थरथरायची. माझी पोरगी त्या आवाजात झोपायची नि कॉम्प्रेसर बंद झाला की उठून रडायची. भाकरीला रबराचा वास, सुकटीला रबराचा वास, वालाच्या बिरड्याला पण. पहिल्या पहिल्यांदा मला उलटी यायची, मंग सवय झाली, आता तो वास कुठं आला की मी उभी राहते, पाय पुढं जात नाय.

मला भ्या वाटायचं, सगळ्याचंच. ट्रक मागं घेताना शेडमधी घुसला तर, पोरगी पाण्याच्या टबात पडली तर, ज्या टबात हे ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचे. झोपलेल्या पोरीच्या नाकाखाली मी दिवसातून दहादा बोट धरायची. सासू म्हणायची, "अगो, पोरगी हाय ती, चूल नाय, सारखी बघतेस ती पेटती हाय का." हे हसायचे. हे फार हसायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला टायरसमोर बसवायचे, माझं बोट धरून आकड्यांवरनं फिरवायचे. पहिला आकडा म्हंजे टायर किती रुंद. दुसरा म्हंजे त्याची कड किती उंच, रुंदीच्या मानानं. शेवटचा म्हंजे आतली लोखंडी रिम किती इंची. एवढं कळलं की टायर वाचता आला, असं ते म्हणायचे, आणि खरंच, सहा महिन्यांत मी लांबनं टायर बघून आकडा सांगायची नि ते जवळ जाऊन बघायचे नि म्हणायचे, बरोबर. एकदा एका ट्रकच्या टायरला कडेला मला बारीक फुगवटा दिसला, पोळीला येतो ना तसा. मी सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, बाईमाणसाला काय कळतंय. पण यांनी गाडी सोडली नाय, टायर उतरवला, आतनं धागे तुटलेले. मी हे मुद्दाम लिहिते. माझं ऐकायचे ते. पुढं जे झालं त्यात मला एवढीही आडोशाला जागा नाय की म्हणावं, सांगून तरी काय झालं असतं.

ही वही मुलीनं आणून दिली. म्हणाली, आई, बोलतेस तसंच लिही, चुका राहू देत. तिला वाटतं मी गडबच्या, मिठागराच्या गोष्टी लिहीन.

तर ती गाडी. पेणच्या एका शेटची छोटी पांढरी मोटार पुराच्या पाण्यात तीन दिवस बुडालेली, कोण घेईना, ती ओढत आणून शेडच्या मागं ठेवली होती. तिच्यातनं चिखलाचा, कुजल्या गादीचा वास. यांनी ती सगळी खोलली, वायर न् वायर धुतली, वाळवली, वर्षभर जेवण झालं की तिच्याखाली. नि एक दिवस ती सुरू झाली. सासूनं मीठमोहऱ्या ओवाळल्या गाडीवरनं. मंग नंदू आला. नंदू म्हंजे यांचा लहानपणापासूनचा दोस्त, रोह्याला कंपनीत शिफ्टला जायचा नि बाकीच्या वेळात टेम्पो चालवायचा, बोलायला मोठा. तो म्हणाला, भात कापून झालं की रोह्याच्या पुढं मोकळ्या शेतात हौशी पोरं गाड्यांची शर्यत लावतात. सगळ्यांना एकदम सोडत नायत, एकेकटी गाडी सोडतात, चुन्यानं नि झेंड्यांनी वळणं आखलेली, घड्याळ लावून बघतात कोण कमी वेळात फिरून येतो, प्रत्येकाला दोन फेऱ्या. तो स्वतः एकदा गेला होता. "जना, तुझा हात गाडीवर बसलेला हाय," तो म्हणाला, "तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाकात हवाच भरणार का?"  त्या दिवशी जेवताना हे भाकरीचा तुकडा हातात धरून बसले, खाल्लाच नाय, आणि मला कळलं.

चाकं कुठली घालायची यावर आठ दिवस बोलणं चाललं. आमच्या दुकानात दुसरं काय बोलणार. गाडीची मूळची चाकं बारा इंची, टायर एकशे पंचेचाळीस, म्हंजे बारीकच, हाताची वीत ठेवली तर बाहेर बोटं राहायची. नंदू म्हणायचा, "ही चाकं? बैलाच्या अंगाला बकरीचे पाय." त्याच्याकडं कुठल्या तरी मोठ्या गाडीच्या तेरा इंची रिमा होत्या, चकचकीत, जाळीच्या, वर एकशे पासष्टचे टायर, रुंद. तो म्हणायचा, जेवढं रुंद तेवढं जास्त रबर जमिनीला, तेवढी जास्त पकड, लहान पोरगं पण सांगेल. आणि ऐकायला ते खरंच वाटायचं. पण मी खाडीकडची. खाजणातल्या चिखलातनं मिठागरापर्यंत जायचं म्हंजे पाय कसा टाकायचा ते मला कोणी शिकवायला लागलं नव्हतं. पाऊल पसरून टाकलं की घसरलं. अंगठा नि टाच रुतवली, वरचा मऊ थर कापून खालच्या घट्टापर्यंत गेली, की माणूस उभा. शेतातली सुटी माती म्हंजे दुसरं काय. मी भाकरी वाढता वाढता बोलले, "बारीकच चाक ठेवा. मातीत ते कापत जाईल. रुंद चाक वरनं तरंगंल." नि अजून बोलले, की चाक मोठं झालं की गाडी उठायला जड होणार, एका फेऱ्यात जास्त जमीन काटायची म्हंजे जोर जास्त, आणि शर्यत तर सगळी वळणांची, पळायची कुठं. आपल्याला पहिलीच वेळ. गाडीबरोबर जे आलंय तेच ठेवा, फक्त टायर नवे, नक्षी खोल असलेले घाला.

नंदू भाकरी खायचा थांबला. "वहिनी," तो म्हणाला, "तुम्हीच चालवा ना गाडी. आम्ही पोरगी सांभाळतो."

"तू काय सांभाळशील," सासू म्हणाली, "तुझा टेम्पो तुला सांभाळता येत नाय, दर आठवड्याला इथं पंक्चरला येतोस."

सगळे हसले. हे पण हसले, नि मंग माझ्याकडं बघून मान हलवली, म्हंजे बरोबर हाय तुझं. दोन दिवस बारा इंचीच ठरली होती. नवे टायर पण बसवले, खोल नक्षीचे, मी स्वतः वाल्व्हला थुंकी लावून हवा जाते का बघितलं. मंग नंदूनं त्या जाळीच्या रिमा टेम्पोत टाकून आणल्या. म्हणाला, नुसत्या लावून तर बघ. लावल्या. आणि खरं सांगते, गाडी दुसरीच दिसायला लागली. ती पुरात बुडालेली गाडी, जिच्याकडं बघून लोक नाक धरायचे, ती छाती काढून उभी राहिली. हायवेनं जाणारे थांबून बघायला लागले. यांनी गाडीभवती तीन फेऱ्या मारल्या. माणसाला आयुष्यात एकदा तरी असं काहीतरी आपलं हवं असतं ज्याच्याकडं लोक वळून बघतील. मी ते तोंड बघितलं आणि परत बाराचं नाव काढलं नाय.

पण ते पण आंधळे नव्हते, त्यांना ठाऊक होतं की मोठं चाक आत घासू शकतं. म्हणून त्यांनी गाडी जॅकवर घेतली, पुढची दोन्ही चाकं अधांतरी, नि नंदूला स्टेअरिंगवर बसवून चाक पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं फिरवून बघितलं. हातानं गरागरा फिरवलं. वर मडगार्डच्या नि टायरच्या मधी दोन बोटं आरामात जात होती. "कुठं घासत नाय," हे म्हणाले. आमची चूक ही इथं झाली, आणि ती आमच्यासारख्यांनाच होणारी चूक. पंक्चरवाल्याच्या दुकानात गाडी सारखी जॅकवरच असते. चाक काढायचं, लावायचं, फिरवून बघायचं, उतरवायचं, बिल. चाक बघायची आमची जागा तीच. जॅकवर चाक खाली लोंबतं, गाडीचं वजन त्याच्यावर नसतं. गाडी खाली आली, वळणात सगळा भार एका बाजूला आला, वर खड्डा लागला, की तीच दोन बोटांची जागा मिटते. मला हे आता कळतं. तेव्हा मी पोरीला कडेवर घेऊन उभी होते नि मला पण दोन बोटं दिसली नि बरं वाटलं.

शर्यतीच्या सकाळी सासूनं मला कुंकू कालवायला सांगितलं. दसऱ्याला आम्ही कॉम्प्रेसरला, जॅकला, पान्यांना लावायचो तसं, खोबरेल तेलात, म्हंजे धुळीनं पुसत नाय, दिवाळीपर्यंत राहतं. मी चारी टायरच्या बाहेरच्या कडेला, रस्त्याला टेकतं त्याच्या वरच्या अंगाला, पाचही बोटं बुडवून ठसे उठवले. काळ्यावर लाल. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, ते चिरडून गाडी बाहेर पडली. हे एकटे गाडीत, सायलेन्सर काढलेला म्हणून आवाज असा की पोरगी कानाला हात लावून रडायला लागली. आम्ही मागनं नंदूच्या टेम्पोत. टेम्पोच्या हौद्यात काढलेली बाराची चार चाकं होती, नव्या टायरची, असू द्या म्हणून घेतलेली, त्यांच्यावर गोणपाट टाकून सासू बसली होती. सासूच्या मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं नि एका पिशवीत भांबुर्ड्याचा पाला. हे म्हणाले होते, परत आलो की संध्याकाळी अंगणात पोपटी लावू, मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, खाली-वर हा पाला. पाल्याचा तो कडवट वास कोलाडपासून रोह्यापर्यंत नाकात होता.

मैदान म्हंजे कापलेल्या भाताची शेतं, मधले बांध फोडून एक केलेली. एका बाजूचा बांध तसाच ठेवला होता, चांगला उंच, त्याच्या पलीकडं पाण्याचा चर. माणसं बांधावर उभी, पोरं आंब्यावर, कोणीतरी वडे तळत होतं. ऊन कोवळं होतं. यांनी गाडी रांगेत लावली नि उतरून हेल्मेट बघायला गेले, उसनं आणलेलं, मोठं होत होतं. मी पोरीला घेऊन गाडीपाशी उभी राहिले. सहज खाली बघितलं. डाव्या पुढच्या चाकावरचे माझ्या बोटांचे ठसे नव्हते. बाकी तीन चाकांवर धुळीत माखलेले, पण होते. ह्या चाकावर बोटांच्या जागी गोल फिरलेली एक स्वच्छ रेघ होती, पोलपाट पुसल्यासारखी. मी खाली बसले, मडगार्डची जी कड आतल्या बाजूला वळलेली असते तिच्याखाली बोट घातलं. पत्र्याची धार लागली. बोट बाहेर काढलं तर लाल होतं, तेलकट लाल, आणि त्याच्यात काळ्या रबराचे बारीक कण, तिळासारखे.

मला कळलं. एका क्षणात कळलं, वाचायला बोट लावायला लागलं नाय. चाक वर पत्र्याला लागतंय, रस्त्यावर एवढं लागलं तर शेतात काय होईल. हातोडा टेम्पोत होता. ती कड ठोकून वर, पत्र्याला चपटी दुमडायची म्हंजे चहा होईतोवरचं काम. नायतर चार-चार बोल्ट सोडून बाराची चाकं लावायची, ती तर तिथंच होती, सासू त्यांच्यावर बसली होती.

आणि मी बोलले नाय. का ते मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, दरवेळी वेगळं. पण खरं हे, की मी कोणत्या तोंडानं सांगणार होते. नवरा निघालाय, आणि बायकोनं जाऊन म्हणायचं की मी लावलेलं कुंकू पुसलं गेलंय. आमच्यात बाईच्या हातनं कुंकवाची कोयरी सांडली तरी सासवा दिवसभर बोलत नायत. चार माणसांत, सासूच्या देखत, मी हे बोलायचं, नि मंग खरंच काय झालं तर लोक म्हणतील हिच्याच तोंडातनं निघालं. एवढंच माझ्या डोक्यात. मी चाकाला नि पत्र्याला भ्याले नाय, मी त्या वाक्याला भ्याले. आता मला वाटतं, कुंकवाचं नावच कशाला काढायचं, नुसतं म्हणायचं चाक घासतंय, दोन शब्द. ते तेव्हा सुचलंच नाय. जे डोळ्यांनी बघितलं तेच तोंडात येत होतं नि तेच बोलता येत नव्हतं. हे येताना दिसले. मी ते लाल बोट लपवायला जागा बघितली आणि पोरीच्या कपाळाला लावलं. टिळा लावल्यासारखं. पोरगी हसली.

तपासणारा एक माणूस वही घेऊन आला. त्यानं पट्टा ओढून बघितला, बॅटरी हलवून बघितली, चाकाला लाथ मारली. "रिमा मोठ्या दिसतात," तो म्हणाला. "घासत नाय ना कुठं?"

"नाय," हे म्हणाले. "जॅकवर फिरवून बघितलीत."

"नक्की?"

"चाकाचंच दुकान हाय माझं," हे म्हणाले, नि हसले. मी हातभर अंतरावर होते. त्या माणसानं माझ्याकडं पण बघितलं, उगाचच, पोरीला बघून. माझं तोंड उघडलं होतं, मला आठवतं. त्यानं वहीत खूण केली नि पुढं गेला.

पहिल्या फेरीला मी डोळे मिटले होते. नुसता आवाज ऐकला, लांब गेला, कुंथला, परत जवळ आला. माणसं ओरडली. नंदू पळत आला, "वहिनी, पहिल्या पाचात हाय, पहिल्या पाचात." हे गाडीतनं उतरले तेव्हा तोंड धुळीनं पांढरं, दात तेवढे दिसत होते. पोरीला घेतलं, वर उडवलं. म्हणाले, "बघितलंस? तरंगलं का चाक?" मला म्हणाले, चिडवून. मी म्हटलं, नाय. जळक्या रबराचा वास येत होता, मला तो चांगला ओळखता यायचा, पण सगळ्याच गाड्यांना येत होता. सासूनं भाकरीवर सुकटीची चटणी घालून दिली, ती त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली, आणि मी ठरवलं की आता सांगायचं. मी पोरीला सासूकडं दिली. ते गाडीकडं चालायला लागले होते. मी म्हटलं, "अहो."

सासूनं माझा दंड धरला. "मागनं हाक मारू नको गो. निघालेल्या माणसाला मागनं हाक मारतात का."

ते थांबले नायत, आवाजात ऐकू गेलं नसेल. मी दोन पावलं गेले. नंदू गाडीच्या दाराशी वाकून कायतरी सांगत होता. मंग झेंडा पडला.

ह्या वेळी मी डोळे उघडे ठेवले. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसरं वळण बांधाच्या बाजूला होतं, उजवीकडं जोरात वळायचं, म्हंजे सगळा भार डाव्या पुढच्या चाकावर. फटाका वाजला तसा आवाज झाला, मोठा नाय. गाडीनं वळायचं सोडलं. तशीच सरळ गेली, बांधावर चढली, एवढीशी वर उठली, आणि पलीकडं दिसेनाशी झाली. आणि तिचा आवाज बंद झाला. एकदम शांत. त्या शांततेत माझी पोरगी रडायला लागली, कॉम्प्रेसर बंद झाल्यावर रडायची तशी.

चरात फार पाणी नव्हतं. गाडी मागच्या अंगावर उभी पडली होती. लोकांनी यांना ओढून काढलं, हातापायांना धरून, चौघांनी चार बाजूंनी, तसं काढायचं नसतं हे तिथं कोणाला माहीत होतं. ते शुद्धीवर होते. मला म्हणाले, "कुंदे, माझे बूट काढ, पाय जड झालेत." बूट पायात नव्हतेच, निघाले होते, चिखलात पडले होते. मी पायांना हात लावून म्हटलं, काढले. जीपमधी घालून रोह्याला नेलं, तिथनं पुढं नेलं. मी जायच्या आधी एकदा मागं वळून ते चाक बघितलं. टायरच्या खांद्यावर, माझे ठसे पुसले होते त्याच जागी, सुरीनं कापावा तसा लांब, सरळ काप, कोहळा चिरल्यासारखा. गाडी ओढून खांबला आणली तेव्हा नंदू रडत होता, म्हणाला, "वहिनी, ह्या रिमा मी नेऊ का, मला बघवत नाय." मीच म्हटलं, ने, टायरसकट ने, चारही ने. मला ते घरात नको होतं जे वाचता येतं.

भांबुर्ड्याचा पाला पिशवीतच काळा पडला. सासूनं तो टाकला नाय किती दिवस, कोपऱ्यात होता. एक दिवस तिनं चुलीत घातला नि धूर झाला, नि ती म्हणाली, "माझ्या बुडाखाली होती गो चाकं. मी बसले होते त्यांच्यावर." तिला काय माहीत होतं नि काय नव्हतं, मी कधी विचारलं नाय, तिनं पण विचारलं नाय. ती पुढं फार जगली नाय.

यांच्या कमरेखालचं गेलं ते गेलंच. पुढच्या शेडमधी बाज टाकली, तिच्यावर पडून ते बघायचे, दुकान मी चालवलं. टायर काढायला, रिमवर चढवायला, पान्यावर उभं राहून बोल्ट सोडायला मी शिकले. ते बाजेवरनं सांगायचे नि मी करायची, आणि मी कोणाचंही चाक बदललं की गाडी जॅकवरनं खाली घ्यायची, आत चार माणसं बसवायची, मंगच स्टेअरिंग फिरवायला सांगायची. गिऱ्हाईकं हसायची. हे बाजेवरनं म्हणायचे, "कशाला गो, जॅकवर बघितलंस ना." मी म्हणायची, असू द्या. त्यांनी कधी पुढं विचारलं नाय की असू द्या का. लोक येऊन बसायचे, शर्यतीची गोष्ट निघायची, आणि नंदूपासून सगळे सांगायचे की जनानं वळण चुकवलं, जोरात गेला, पहिलीच वेळ ना. आणि ते पण तेच म्हणायचे. पहिली फेरी पाचात आली होती हे कोणाच्या लक्षात राहिलं नाय. ते स्वतःही विसरले. ज्या माणसाचा हात गाडीवर बसलेला होता त्याला सगळ्या जगानं नि त्यानं स्वतःनं मिळून सांगितलं की तुला चालवताच येत नव्हतं, आणि खरं काय ते ज्या एका माणसाला ठाऊक होतं ते माणूस त्याला भाकरी भरवत होतं.

कितीदा वाटलं सांगावं. पण मंग ते विचारतील, तुला कधी कळलं. आणि मला सांगायला लागेल, आधी.

ते गेले त्याच्या आधीच्या पावसाळ्यात, दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं, पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. त्यांना काय लागत नव्हतं, तरी मी लावायची, खोबरेल, रोज. पोरगी शाळेत होती. ते शेडच्या पत्र्याकडं बघत म्हणाले, "कुंदे, तू तेव्हा म्हणाली होतीस बाराचीच ठेवा. मी किती दिवस त्याच्यावर विचार केला. पण चाकं चांगली होती गो. चाकांचा दोष नव्हता. तिसऱ्या वळणाला मीच स्टेअरिंग जास्त मारलं. माझंच चुकलं, व्हय ना?"

तेलानं माझी बोटं ओशट झाली होती. मी ती लुगड्याला पुसली.

"व्हय," मी म्हटलं.